राहिलेला सव्विसावा भाग

मित्रांनो, पाचवीच्या वर्गात खिडकीशेजारी जी लाकडी पेटी आहे, जिच्यावर तुम्ही खडूचे डबे ठेवता आणि बाईंचं लक्ष नसताना स्वतः चढून बसता, ती पेटी म्हणजे मी. मी एक जुना टीव्ही आहे. कृष्णधवल, वीस इंची, समोर दोन सरकती दारं असलेला. तुमच्यापैकी एकाने परवा माझ्या डाव्या दारावर खिळ्याने आपलं नाव कोरलं. मी रागावलेलो नाही, पण अक्षर सुधारायला हवं. आज १९८९ सालच्या या मोकळ्या तासाला मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. माझी चित्रनळी गेली त्याला वर्ष होत आलं, म्हणून आता दाखवता येणार नाही. नुसती ऐका. ती सांगताना मला लाज वाटणार आहे, हेही आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म १९८० साली पुण्याच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटातल्या तारा जिने जोडल्या त्या बाईला त्या दिवशी सर्दी झाली होती. ती दर जोडाला शिंकत होती, तरी तिचा एकही जोड पुढे सुटला नाही. सुताराने मला ही पेटी केली आणि दारं बसवली. ही दारं म्हणजे माझ्या पापण्या. ती लावली की मला बाहेरचं काही दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. एवढं लक्षात ठेवा.

तुमच्या रत्नाबाई तेव्हा नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. त्यांनीच मला एसटीने इकडे आणलं. मी शेजारच्या सीटवर बसलो म्हणून कंडक्टरने माझंही तिकीट फाडलं आणि पौडपर्यंत सगळी गाडी हसत होती. धरणाच्या तळ्याकाठी, बुद्धविहाराच्या मागच्या बाजूला रत्नाबाईंचं घर. तिथे बाबासाहेबांच्या तसबिरीखाली एका टेबलावर मला जागा मिळाली. शेजारच्या जाईबाई मला बघायला आल्या आणि हात लावू का, असं विचारून त्यांनी माझ्या काचेवर बोट फिरवलं. संध्याकाळपर्यंत अर्धी वाडी अंगणात जमली होती.

घरात आणखी एक माणूस होतं. रत्नाबाईंचे वडील, किसन. त्यांना सगळी वाडी आबा म्हणायची. आबांनी सारा जन्म रस्त्यावर मैलकुली म्हणून काढला होता. खड्डे बुजवायचे, कडेचे दगड चुन्याने रंगवायचे, दरड पडली की माती ओढायची. माझी अँटेना त्यांनीच घराच्या कौलांवर बांबूला बांधली. वर चढून ते ती सिंहगडावरच्या टीव्ही मनोऱ्याकडे फिरवायचे आणि खाली ओरडायचे, "आलं का?"

"न्हाई आबा, जरा सिंहगडाकडं!"

"आता?"

"माणसं दिसत्यात, पर दोन दोन दिसत्यात."

असं अर्धा तास चालायचं. आबांना माझी फार काळजी. घराबाहेर पडताना ते न चुकता माझी दारं लावत, कारण रस्त्याची धूळ काय करते हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? ते माझे कौतुकाचे दिवस होते. खरं सांगतो, त्या दिवसांत मी थोडा गर्विष्ठही झालो होतो.

१९८६ मध्ये दर रविवारी सकाळी 'ध्रुवयान' नावाची हिंदी मालिका सुरू झाली. एका ग्रहावरची माणसं आपलं घर सोडून मोठ्या यानातून निघाली आहेत आणि राहायला नवी जागा शोधत आहेत, एवढीच गोष्ट. यान पत्र्याचं होतं आणि ते ज्या दोऱ्याला टांगलेलं होतं तो दोरा मला स्पष्ट दिसायचा. पण आपल्याच पोटातल्या गोष्टीची चहाडी करणं टीव्हीला शोभत नाही, म्हणून मी गप्प राहिलो. आबांना ती मालिका जिवापाड आवडली. यानाला ते 'बोट' म्हणत आणि यानाच्या दाढीवाल्या कप्तानाला 'मुकादम'. हिंदी त्यांना निम्मंच कळायचं. तरी मुकादम बोलू लागला की आबा मान हलवत, कधी कधी उत्तरही देत.

रत्नाबाईंनाही ती आवडायची. शिक्षकांना उद्या काय शिकवायचं ते आधी वहीत लिहून ठेवावं लागतं, त्याला टाचण म्हणतात. बाईंनी टाचणवहीच्या शेवटच्या पानांवर प्रत्येक भागाच्या दोन-दोन ओळी लिहिल्या आणि सोमवारी पहिल्या तासाला त्या ती गोष्ट मुलांना सांगत. तुमच्या मोठ्या भावंडांना विचारा. सव्वीस भागांपैकी पंचवीस त्यांनी सांगितले. शेवटचा नाही सांगितला. त्यात यान फिरून आपल्या जुन्या ग्रहावर येतं आणि खाली पाहतं तर सगळीकडे पाणी. ना घर, ना झाड. त्या भागापुढे बाईंनी वहीत लिहिलं होतं, 'सगळं पाण्याखाली. मुलांना सांगू नये.'

का, ते तुम्हाला कळेल. आपल्या तळ्याखाली गावं आहेत. तुमच्यातल्या निम्म्यांचे आजे-पणजे त्या गावांतले. आबाही तिथलेच. दहा-अकरा वर्षांचे असताना ते आईबरोबर डोक्यावर भांडी घेऊन या चढावर आले होते आणि मागे वळून पाहिलं की आई मारायची, असं ते सांगत. शेवटचा भाग लागला तेव्हा आबा तापाने आतल्या खोलीत झोपले होते. रत्नाबाईंनी माझा आवाज बारीक केला, एकट्यांनीच तो भाग पाहिला, आणि मला बंद करून कितीतरी वेळ तिथेच बसून राहिल्या.

मालिका संपली आणि आबांचं विसरणं वाढलं.

आधी त्यातही गंमत वाटायची. ते निवृत्त झाल्याचं विसरून अंगणातल्या दगडांना चुना लावायचे. मग ते जाईबाईंना आपली बहीण समजू लागले. जाईबाई म्हणाल्या, "समजू देत, मला भाऊ न्हाईच." पण थंडी सुरू झाल्यावर निराळंच काही सुरू झालं. रोज संध्याकाळी पाच वाजले की आबा काठी घेत आणि दाराकडे निघत.

"कुटं निघालात आबा?"

"घरी जायचंय."

"ह्येच तर घर हाय."

"ह्ये न्हवं. आपलं. खालचं."

आधी रत्नाबाईंनी समजावून पाहिलं. पण खालचं घर पाण्यात गेलंय, हे मात्र त्यांनी एकदाही म्हटलं नाही. म्हणवलं नाही त्यांना. शेवटी त्या म्हणाल्या, "उद्या जाऊ." आबा थोडा वेळ विचार करून बसले. त्या दिवसापासून घरात तेच वाक्य चालू झालं. रत्नाबाई म्हणत, पुण्याहून त्यांचा भाऊ जयवंत आला की तोही म्हणे, जाईबाईसुद्धा म्हणत. उद्या जाऊ. सकाळपर्यंत आबा ते विसरलेले असत, पण पाच वाजले की घर पुन्हा आठवायचं. एकदा बाईंनी दाराला बाहेरून कडी लावून पाहिली. आबा आतून दार बडवत रडले. तो आवाज मी ऐकला आहे. त्यानंतर कडी कधी लागली नाही.

आणि उन्हाळा जवळ येत होता. उन्हाळ्यात तळं मागे हटतं आणि जुन्या गावाची जोती, दगडाच्या पायऱ्या उघड्या पडतात, तुम्ही पाहिल्याच असतील. मधला गाळ वरून भेगाळलेला, कोरडा दिसतो. आत तो माणूस गिळतो. आदल्या वर्षी हैबतराव पाटलांचं रेडकू तिथे रुतलं ते वर आलंच नाही. रत्नाबाई रात्री जेवताना खिडकीतून पाण्याकडे बघत आणि घास तसाच हातात राहायचा. आबा एक दिवस तिकडे जाणार, हीच एक भीती त्या घरात राहत होती.

मे महिन्यात जयवंत आला तेव्हा त्याच्या काखेत गोधडीत गुंडाळलेलं एक यंत्र होतं. पुण्यात त्याच्या कारखान्यातला वाल्मीक पंधरा दिवसांसाठी आपल्या गावी गेला होता आणि जाताना त्याने आपला व्हिडिओ जयवंताला दिला होता. सोबत पाच कॅसेट. त्यांवर वाल्मीकने 'ध्रुवयान'चे सगळे भाग उतरवून ठेवले होते. त्या यंत्राला कुठे ठेवावं याची चर्चा झाली आणि ते सरळ माझ्या डोक्यावर ठेवलं गेलं. मित्रांनो, सात वर्षं घरात मान मिळवलेल्याच्या डोक्यावर कालचा पाहुणा बसवला तर त्याला काय वाटेल? पण रत्नाबाईंच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी काहीतरी फुललेलं दिसलं, म्हणून मी सहन केलं.

"रोज पाचला एक भाग लावायचा," त्या म्हणाल्या. "आबा बसतील. दर ऐतवारी कसे बसायचे."

जयवंत म्हणाला, "ओळीनं लाव की मग. एक, दोन, तीन."

"न्हाई. नवव्यात पोरगं मरतं. आबा दोन दिस जेवले न्हवते, आठवतंय का? चौदाव्यात आग लागती. सोळा-सतरात नुसती मारामारी."

"मग काय काय घेणार?"

"घराचे भाग. ती माणसं ज्यात घराचं बोलत्यात, तेवढेच."

त्यांनी टाचणवही उघडली. मग दोन दिवस ते काम चाललं. शाळेला सुट्टी होती, तरी बाई परीक्षेचं वेळापत्रक करताना बसतात तशा पाय दुमडून बसल्या होत्या. तिसरा भाग घेतला, कारण त्यात म्हातारी डबीतली चिमूटभर माती सगळ्यांना हुंगायला देते. पाचवा घेतला, त्यात यानावर जुन्या पद्धतीचं जेवण करतात आणि ते करपतं. अठरावा घेतला, त्यात यानावर जन्मलेली पोरं न पाहिलेल्या घराचं चित्र काढतात आणि दार कुठल्या बाजूला होतं यावरून मोठी माणसं भांडतात. दुपारी आबा झोपले की बाई माझा आवाज अगदी बारीक करून कॅसेट पुढे-मागे पळवत. व्हिडिओवर आकडे फिरणारी एक चक्री होती. भाग कुठे सुरू होतो तो आकडा त्या वहीत लिहून घेत. मी तेव्हा एका दुपारी सव्वीस वेळा तोंड उघडून मिटलं असेल.

अकरा भाग ठरले. बारावा राहिला.

जाईबाई तांदूळ निवडत दारात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "शेवटी काय लावनार?"

"पंचविसावा. त्यात मुकादम बोट घराकडं फिरवतो. सगळी हसत्यात, गानी म्हणत्यात."

"आन् त्याच्या फुडचा?"

रत्नाबाईंनी वही मिटली. "त्यो नको. पंचविसाव्यावरच थांबायचं."

"मग घर दिसत न्हाई व्हय शेवटी?"

"दिसायला काय राह्यलंय, जाईमावशी?" एवढंच म्हणून त्या चहा ठेवायला गेल्या.

मला तेव्हा तो बेत फार आवडला. गोड शेवट कोणाला आवडत नाही? मी शेकड्याने शेवट दाखवले आहेत आणि लोक कोणत्या शेवटानंतर समाधानाने चपला शोधतात, ते मला माहीत आहे. त्या दोन दिवसांत शहाणपणाची एक शंकासुद्धा माझ्या मनात आली नाही, हे मी कबूल करतो.

पहिली संध्याकाळ आठवते. पाच वाजता आबांनी काठी घेतली. बाईंनी माझी दारं सरकवली आणि 'ध्रुवयान'चं संगीत वाजलं. आबा थांबले. "मुकादम आला," ते म्हणाले आणि काठी भिंतीला टेकवून बाजेवर बसले. रत्नाबाईंनी पदराने तोंड पुसलं. ते पुसणं कशासाठी होतं ते मी दारं उघडी असल्यामुळे पाहिलं.

अशा अकरा संध्याकाळी गेल्या. आबा बसत, मान हलवत, जेवत आणि झोपत. फक्त सातव्या दिवशी ऐन पाचला वीज गेली. बाई घाबरल्या. मग त्यांनी टाचणवही घेतली आणि त्या दिवसाचा भाग आबांना तोंडी सांगायला बसल्या. मुकादम काय म्हणाला, म्हातारी काय म्हणाली, सगळं आवाज बदलून, तुम्हाला सांगतात तसं. आबा तेवढेच शांत बसले. उलट त्यांनी मध्येच दोन प्रश्नही विचारले, जे माझ्यासमोर त्यांनी कधी विचारले नव्हते. वीज आल्यावर बाई हसत म्हणाल्या, "वेळ निभावली." मला मात्र अपमान वाटला. माझ्यावाचूनही जमतं हे कळणं फार वाईट असतं. ते बाईंना आणि मला तेव्हाच नीट कळलं असतं तर बरं झालं असतं.

बारावा दिवस शनिवार होता. दुसऱ्या दिवशी जयवंत व्हिडिओ न्यायला येणार होता. पाचला पंचविसावा भाग सुरू झाला. नळाला रोज सहाला येणारं पाणी त्या दिवशी सव्वापाचच्या आधीच आलं आणि बाहेरून जाईबाईंनी हाक दिली. रत्नाबाईंनी आबांकडे पाहिलं. आबा पुढे झुकून माझ्याकडे टक लावून बघत होते. बाईंनी माझा आवाज वाढवला, म्हणजे नळावर ऐकू येईल, आणि दोन हंडे उचलून गेल्या. अकरा दिवस आबा उठले नव्हते, मग आजच कसे उठतील?

माझ्या पडद्यावर मुकादमाने मोठा दांडा धरला आणि म्हणाला, "चलो, घर चलें." यानावरची सगळी माणसं उभी राहिली.

आबाही उभे राहिले. "चला," ते म्हणाले. किती आनंदाने म्हणाले, मित्रांनो. त्यांनी कोपऱ्यातून चपला घेतल्या आणि खाली बसून नीट पायात घातल्या. काठी घेतली. मग ते माझ्यापाशी आले. मला वाटलं, थांबतील. पण त्यांनी बाहेर पडताना नेहमी करत तेच केलं. धूळ बसू नये म्हणून माझी दारं सरकवली.

मला दिसेनासं झालं. काठीचा आवाज पायरीवरून उतरला आणि डावीकडे, रस्त्याकडे न जाता उजवीकडे गेला. उजवीकडे पाणी आहे. मी ओरडायला हवं होतं. मी मोठ्याने बोलतही होतो, पण चालू असताना मला स्वतःचं बोलता येत नाही, जे पोटात घालतात तेच येतं. यानावरची माणसं गाणी म्हणत होती आणि ती गाणी नळापर्यंत ऐकू जात होती. रत्नाबाई रांगेत उभ्या राहून तो आवाज ऐकत होत्या आणि निर्धास्त होत्या. माझ्या आवाजावर त्यांनी आबांना सोपवलं होतं. तो भाग संपला, कॅसेट तशीच पुढे फिरत राहिली आणि बंद दारांच्या आत सव्विसावा भाग सुरू झाला.

संगीत पुन्हा वाजलं तशा बाई धावत आल्या. हंडा पायरीवर आदळल्याचं मी ऐकलं. माझी दारं उघडली गेली तेव्हा समोर रिकामी बाज होती आणि बाईंचा चेहरा होता. माझ्या पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी होतं. त्यांनी ते एक क्षण पाहिलं आणि त्या ओरडल्या नाहीत, नुसत्या पळाल्या.

पुढचं मी जाईबाईंच्या तोंडून ऐकलं आहे. हैबतरावांची म्हसरं तळ्याच्या काठाने चरत होती. हैबतरावांना लांबवर, जुन्या जोत्याच्या अलीकडे एक फेटा दिसला. आबा कमरेपर्यंत रुतले होते. माणसं दोर घेऊन जमली, पण गाळावर पाय ठेवेल तो रुतत होता. तेव्हा रत्नाबाईंनी वाटेतली शाळा उघडली आणि तुमच्या वर्गातला हा लाकडी फळा ओढत आणला. फळा गाळावर आडवा टाकला, त्यावर त्या पालथ्या झोपल्या आणि सरपटत जाऊन त्यांनी आबांच्या काखेत हात घातले. दोर बांधेपर्यंत सूर्य डोंगराला टेकला होता.

आबा रडत नव्हते. ते म्हणत होते, "रत्ने, हितंच व्हती चौकट. कुनी काढली?"

बाईंच्या ओठांवर 'उद्या जाऊ' हे नेहमीचं वाक्य आलं होतं. ते त्यांनी गिळलं, असं जाईबाई म्हणतात.

रविवारी जयवंत आला तेव्हा आबा तापाने फणफणले होते. पौडच्या डॉक्टरांनी सुई दिली होती आणि छातीला जपा म्हणून सांगितलं होतं. जयवंताने सगळं ऐकलं, सरळ माझ्याकडे आला आणि माझी दारं इतक्या जोरात लावली की डावं दार अजूनही नीट सरकत नाही. "ह्या डबड्यानं केलं समदं," तो म्हणाला. मला वाईट वाटलं, पण मी मनात त्याच्या बाजूने होतो. तो व्हिडिओच्या वायरी काढू लागला.

"थांब जयवंता," रत्नाबाई म्हणाल्या. "एक भाग राह्यलाय."

"अजून दावनार हाईस? याड लागलंय का तुला?"

"त्यांना अर्धंच दावलं म्हणून गेले ते. घराकडं चला म्हणून मीच सांगितलं, आन् घर न्हाई ह्ये सांगितलंच न्हाई. दोन दिस बसून मी बेत केला रे, आन् त्यातलं खरं तेवढं वगळलं."

जयवंत वायर हातात धरून उभा राहिला. मग त्याने ती परत जोडली.

त्या संध्याकाळी पाच वाजता आबांची बाज माझ्यासमोर ओढली गेली. मी आयुष्यात कधी इतक्या जपून चित्र दाखवलं नसेल. माझी नळी तेव्हाच थकत आली होती, कडा काळ्या पडत होत्या, पण तेवढी पंचवीस मिनिटं मी चित्र हलू दिलं नाही. यान ग्रहावर आलं. खाली पाणीच पाणी. यानावरची माणसं काचेपाशी उभी राहिली आणि एकेक जण बोट दाखवून सांगू लागला, इथे आमचं अंगण होतं, इथे आमची शाळा होती.

आबा पडद्याकडे पुढे झुकले. मग त्यांचं बोट वर आलं.

"हितं चिंच," ते म्हणाले. "हितं पाटलाची हीर. आपली हीर निराळी, ती खाली, वढ्याला. हितं आई भाकरी थापायची." बोट खाली आलं. "समदं बुडालं का गं?"

जयवंताने मान फिरवली. रत्नाबाईंनी आबांचा हात धरला.

"व्हय आबा. बुडालं. लई वर्सं झाली."

आबा रडले. लहान मुलासारखे नाही, म्हाताऱ्या माणसासारखेच, हळू आणि पुष्कळ. बाईही रडल्या. माझ्या पडद्यावर यान वळलं आणि नावं वर गेली. कोणीही मला बंद करायला उठलं नाही.

तुम्हाला वाटेल की त्यानंतर आबांनी विचारणं सोडलं. तसं झालं नाही. विसरणाऱ्या माणसाला दुःखही लक्षात राहत नाही. चार दिवसांनी ताप उतरला आणि पाच वाजता त्यांनी काठी मागितली. "घरी जायचंय." माझी दारं बंद होती, व्हिडिओ पुण्याला गेला होता, आणि मी आत ऐकत होतो. आता बाई काय म्हणणार?

रत्नाबाई म्हणाल्या, "कुटल्या वाटंनं जायचं आबा? मला ठावं न्हाई. सांगा की."

आणि आबा सांगू लागले. विहारापासून खाली. आधी चिंच. मग ओढा. ओढ्यापलीकडे आपली विहीर, तिला सात पायऱ्या. बाई मध्येच विचारायच्या, "चिंच गोड का आंबट?" सांगता सांगता आबा थकत आणि बसत. त्या दिवसापासून रोज पाच वाजता आबांची वाट सुरू व्हायची. मला कोणी उघडत नव्हतं. मी बंद दारांमागे बसून ऐकायचो आणि सांगतो, तशी मालिका माझ्या पोटात कधी आली नाही. दीड वर्षं ती चालली. एका थंडीत आबा विहिरीच्या पाचव्या पायरीपर्यंत आले आणि म्हणाले, "बाकीचं उद्या." तो उद्या आला नाही.

त्याच सुमारास माझी नळी गेली. दुरुस्तीवाल्याने पाठ उघडून पाहिली आणि मान हलवली. जयवंत मला भंगारात द्यायला निघाला होता, पण बाईंनी मला इथे आणलं. समोर तो फळा आहे. त्याच्या मागच्या बाजूला गाळाचा डाग अजून आहे, धुतला तरी जात नाही. आम्ही दोघं समोरासमोर दिवस काढतो.

माझं एकच मागणं आहे. मला धूळ पुसा म्हणत नाही, दारावर नावंही खुशाल कोरा. पण घरातल्या माणसाला कधी माझ्यासारख्याच्या आवाजावर सोडून जाऊ नका. मी दाखवू शकतो, कोणाचा हात धरू शकत नाही. आणि कोणी म्हातारं माणूस घरी जायचंय म्हणालं, तर त्याला उद्याचा वायदा करू नका. वाट विचारा आणि शेजारी बसा.

शाळा सुटल्यावर कधीकधी पाचच्या सुमाराला रत्नाबाई एकट्याच वर्गात येतात आणि माझी दारं सरकवतात. डावं दार अडतं, ते त्या जरा उचलून धरतात. काचेसमोर त्यांनी ती टाचणवही ठेवली आहे. काल त्यांनी ती उघडली तेव्हा मला पान दिसलं. सव्विसाव्या भागापुढची 'मुलांना सांगू नये' ही अक्षरं त्यांनी खोडली आहेत. खाली वेगळ्या शाईने आबांची वाट लिहिली आहे. चिंच, ओढा, विहीर आणि विहिरीच्या पाच पायऱ्या. सहाव्या आणि सातव्या पायरीसाठी दोन ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत.